सोंगाडीचं बी

हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "सर, डॉक्टर इफ्रा मॅडमचा परिचय तुमीच करून द्या. तुमच्याच वर्गातली ना ते? दोन पानं लिहा, पाच मिनिटं बोला." मी हो म्हणालो. नाही म्हणायला सांगण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं, आणि होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. दोन पानं लिहिली. गुरुवारी सत्काराच्या कार्यक्रमात वाचली. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. जे त्यात नव्हतं, ते आज रविवारी इथे लिहून काढतो आहे.

आमची शाळा कामरगावला, कारंजा तालुक्यात. इफ्रा इथेच शिकली, मीही इथेच शिकलो, आणि आता इथेच दहावीपर्यंतच्या पोरांना विज्ञान शिकवतो. तिचे अब्बा सैफुद्दीनभाई बाजारात विळे-खुरपी विकायचे, जुन्यांना धार लावून द्यायचे. माझं घर धनजला. वडील पुंजाजी लवकर गेले. चार एकर वावर, आणि आई गोजराबाई गावातल्या निंदणाऱ्या बायांची म्होरकी. पिकातलं तण हाताने काढणं, ते निंदण. कोणाच्या वावरात किती बाया न्यायच्या, कोणी कोणती ओळ धरायची, सगळं आई ठरवायची. पण ती मागे उभी राहून हुकूम सोडणारी नव्हती, ओळीत सगळ्यांच्या दोन हात पुढे असायची.

दहावीला मी शाळेत पहिला आलो आणि इफ्रा दुसरी. दोन मार्कांनी. परिचयात हे मी दुसऱ्याच वाक्यात घातलं होतं. हेडमास्तरांनी त्यावर काट मारली.

तिची सगळी कारकीर्द ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशी मी तिथे हजर होतो, हे माझं खरं दुखणं आहे. आम्ही नववीत होतो. सरांनी प्रत्येकाला दहा तणं गोळा करून वहीत चिकटवायला सांगितली होती. आम्ही पाचसहा जण जीपने धनजला उतरलो आणि आमच्या वावरात गेलो. तेव्हा सगळीकडे ज्वारी असायची. ज्वारीत एक तण यायचं, हुबेहूब ज्वारीसारखं. पान तसंच, दांडा तसाच, उंचीही तीच. कणीस बाहेर पडेपर्यंत भल्याभल्यांना पत्ता लागायचा नाही, आणि कणीस आलं की दाणे पिकल्यापिकल्या मातीत झडून जायचे. बाया त्याला सोंगाडी म्हणायच्या. आई मात्र सोंगाडी वीतभर असतानाच ओळखायची. कशी ओळखतेस म्हणून विचारलं की "दिसते" एवढंच म्हणायची.

इफ्रा तिच्या मागे मागे चालत होती. तिनं विचारलं, "मावशी, हे ज्वारीसारखी कायले दिसते?"

आई हात न थांबवता म्हणाली, "आमच्या भेवानं."

बाया हसल्या. मीही हसलो. इफ्रा हसली नाही. म्हणाली, "म्हंजे?"

"म्हंजे काय? जे येगळी दिसली ते आमी उपटली. जे ज्वारीवानी दिसली ते वाचली. माह्या मायच्या, आजीच्या हातापासून असंच चालू हाय. वाचलेलीचंच बी पुढं पडते. मंग ज्वारीवानी दिसन नाई त काय करन?"

मी इफ्रापासून चार हातांवर पाण्याची कळशी घेऊन उभा होतो. तिच्या कानांत जे गेलं तेच माझ्या कानांत गेलं. पुढच्या वर्षी उत्क्रांतीचा धडा आला. तो मी पाठ केला आणि त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क घेतले. आपली आई या धड्यात बसते, हे मला सुचलं नाही. इफ्राला सुचलं, आणि तिचे दोन मार्क कमी पडले.

पुढचं सगळं परिचयात आहे. अमरावतीला एम.एस्सी., बंगलोरला पीएच.डी., दोन वर्षं परदेशात, मग पुण्याच्या संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा. तिच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर आईचं नाव आहे. धनजच्या गोजराबाईंना मी एक प्रश्न विचारला, त्यांनी 'आमच्या भेवानं' असं उत्तर दिलं, हा प्रबंध म्हणजे त्या उत्तराचा तपास आहे, असं तिनं लिहिलं. मग तीन राज्यांतली शेकडो वावरं पालथी घातली. जिथे बाया बारकाईने निंदतात तिथलं तण पिकासारखं दिसतं, आणि जिथे कोणी फिरकत नाही तिथलं आपल्या मूळ रूपात पसरतं, हे तिनं रोपं मोजून दाखवलं. पिकात मिसळून जाणारं तण शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. ते नेमकं कोणाची नजर चुकवतं आहे, हे त्या बायांनाच जाऊन विचारायचं तिनं ठरवलं. शंभर रोपांत वीस सोंगाडी मिसळायच्या आणि निंदणारीला वेचायला लावायच्या, ही तिची परीक्षा आता दुसऱ्या राज्यांत भाताच्या बांध्यांतही घेतात. तिचे विद्यार्थी गावात गेले की आधी म्होरकी कोण ते विचारतात. त्या बायांची नावं शोधनिबंधात छापायची, असा तिचा नियम आहे. हे सगळं चांगलं आहे. मी ते माइकवर स्पष्ट आवाजात वाचलं.

माझं थोडक्यात सांगतो. कारंजाला वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलं. अमरावतीला एम.एस्सी.ला नंबरही लागला होता, इफ्राच्याच वर्षी. मी गेलो नाही. बी.एड. करून इथे चिकटलो. आईने अडवलं नाही, पैशाने अडवलं नाही, कोणीच अडवलं नाही. खानावळीचं जेवण आणि अनोळखी गाव नको वाटलं, बस. एवढं कबूल करायला मला वीस वर्षं लागली.

आणि कारकिर्दीचंही एक वेळ जाऊ द्या. इफ्रा दर रविवारी आईला फोन करायची. माझ्याशी आईचं बोलणं म्हणजे जेवला काय, वावरात जाऊन आला काय. इफ्राशी ती चाळीस चाळीस मिनिटं बोलायची. पान कसं वळतं, दांडा बोटाला कसा लागतो, कोणत्या नक्षत्रात काय उगवतं. ज्या प्रश्नाला मला "दिसते" एवढंच उत्तर मिळालं होतं, त्याचं उत्तर तिला हप्त्याहप्त्याने मिळत होतं. मी खाटेवर पेपर वाचल्यासारखं करत सगळं ऐकायचो. माझ्या आईकडे इतके शब्द आहेत हे मला त्या फोनमुळे कळलं. मी जळत होतो. याला दुसरा सभ्य शब्द असेल, पण मला तो नको.

२०१८ साली इफ्रा घरी आली. आईच्या हातचं आलूवांगं खाल्लं आणि मग मला म्हणाली, "राजू, तुह्याशी काम हाय."

काम असं होतं. आमच्या भागातली ज्वारी गेली, सोयाबीन आलं. मग फवारे आले आणि निंदणाऱ्या बाया घरी बसल्या. सैफुद्दीनभाईंनी खुरपी ठेवणं बंद केलं. सोंगाडी आता धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, तेवढी उरली होती, आणि तिचं रूप बदललंय असं इफ्राला वाटत होतं. बुडाशी लाल, आडवी पसरलेली. भेव घालणारा हातच उरला नाही म्हटल्यावर ती सोंग सोडत होती. पण हे सिद्ध करायला त्या काळचं बी हवं. जुनं आणि नवं बी शेजारी शेजारी पेरायचं आणि काय उगवतं ते बघायचं.

"बी.एस्सी.ले तू तणाच्या बियांच्या बाटल्या भरल्या होत्या. तीस. त्यात सोंगाडी होती, मले याद हाय," ती म्हणाली.

होती. बाकीच्या एकोणतीस मी शाळेला देऊन टाकल्या होत्या. ही एक ठेवली होती, कारण तिच्यात आईने स्वतः राख घातली होती आणि बुचाला मेण लावलं होतं. कपाटावर, शब्दकोशांच्या मागे. वर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती: सोंगाडी, धनज, २००३.

"शोधतो," मी म्हणालो.

आणि शोधायची गरज नसलेल्या त्या बाटलीसारखी दुसरी बाटली मी कारंजाहून आणली. धुऱ्यावरच्या सोंगाडीचं त्याच वर्षीचं बी तिच्यात भरलं. राख घातली, मेण लावलं. चिठ्ठी तशाच अक्षरात लिहिली आणि जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली. एवढी मेहनत मी एम.एस्सी.च्या अर्जासाठीही घेतली नव्हती. तिचं जुनं आणि नवं सारखंच उगवावं, काहीच बदललं नाही असं निघावं, एकदा तरी तिचं उत्तर चुकावं, एवढंच मला हवं होतं. इफ्राने बाटली दोन्ही हातांत घेतली आणि म्हणाली, "शुक्रिया राजू. तुले नाई समजत तुनं काय देल्लं."

पुढच्या पावसाळ्यात तिनं कामरगावजवळ अर्धा एकर घेऊन ओळी लावल्या. रोपं वीतभर झाली तेव्हा आईला परीक्षेला बोलावलं. मीच मोटरसायकलवर घेऊन गेलो. आई पहिल्या ओळीतून चालली, दुसऱ्या ओळीतून चालली आणि मध्येच थांबली.

"ह्या दोन्ही ओळी एकाच बियाच्या हायेत."

इफ्रा म्हणाली, "नाई मावशी. हे राजूच्या बाटलीतली हाय. दोन हजार तीनची."

आई खाली बसली. एका रोपाचं बूड अंगठ्याने मोकळं करून दाखवलं, लाल होतं. "हे जुनी नोहे. जुनीनं मले असं सहज सापडू देल्लं असतं काय?"

मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मोटरसायकलचा आरसा पुसत होतो.

चार दिवसांनी इफ्राचा फोन आला, आईला नाही, मला. "राजू, बाटल्यांची अदलाबदल झाली असन. होते असं. तीस बाटल्या होत्या. आणखी एकडाव पाह्यतं काय?" तिचं एक वर्ष मातीत गेलं होतं आणि आवाजात राग नव्हता. मला निसटायला तिनं दार उघडून दिलं होतं. रागावली असती तर मी कदाचित त्या दिवशीच बाटली काढून दिली असती. तिच्या त्या समजूतदारपणाने माझं डोकं फिरलं. "पाहतो," मी म्हणालो आणि पाहिलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

बाटली कपाटावर राहिली. दर दोनचार दिवसांनी मी ती खाली काढायचो, खिडकीशी धरायचो, हलवायचो, परत ठेवायचो. माझ्याकडे होती आणि इफ्राकडे नव्हती, अशी जगात ती एकच वस्तू होती.

२०२४ मध्ये तिचा मोठा शोधनिबंध आला. पेपरात फोटो आला, निंदणाऱ्या बायांसोबतचा. आई मधोमध. इफ्राने निबंधाची छापील प्रत मला पोस्टाने पाठवली. मी पाकीट फोडलं नाही, टेबलाच्या खणात टाकलं. शिक्षकांच्या खोलीत मात्र सांगत सुटलो की जुनं बी त्यांच्याकडे नाहीच, अंदाजावर चाललंय सगळं. न वाचता सांगत होतो. माझ्याशिवाय कोणाला खरं माहीत असणार, ही खात्री होती.

मग गुरुवारचा कार्यक्रम. परिचय लिहिताना मला दोन दिवस झोप आली नाही, आणि मग एक विचार सुचला. बाटली द्यायची, पण स्टेजवर द्यायची. तीनशे पोरं, गावातले लोक, समोर आई, तिच्या बाजूच्या खुर्चीवर म्हातारे सैफुद्दीनभाई. सगळ्यांदेखत द्यायची. यात थोडा पश्चात्ताप होता, नव्हता असं म्हणणार नाही. पण जास्त करून हे होतं की इफ्राचं इतकं मोठं काम माझ्या एका बाटलीवाचून अधुरं आहे, हे सगळ्यांना दिसावं.

परिचय वाचून झाल्यावर मी खिशातून बाटली काढली. "मॅडमना २०१८ साली पंधरा वर्षांपूर्वीचं बी हवं होतं. आता ते तेवीस वर्षांचं झालं. माझ्याकडून तेव्हा चुकीची बाटली गेली होती. ही खरी." टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी फोटोसाठी आम्हा दोघांना जवळ उभं केलं.

इफ्राने बाटली उजेडाकडे धरली आणि थोडी तिरपी केली. दाणे एका बाजूला सरकले. तिनं समोर आईकडे पाहिलं. आई आपल्या हातांकडे पाहत होती. मग इफ्राने बाटली पिशवीत ठेवली, माइक हातात घेतला आणि म्हणाली, "राजूनं बी सांभाळलं नसतं तर माझं काम झालंच नसतं." पुन्हा टाळ्या. वीस वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या शेजारी उभं राहून बरं वाटलं.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. "मीनं धाडलेलं पाकीट तू फोडलंच नाई ना, राजू?"

"वेळ नाही मिळाला," मी म्हणालो.

"फोड," ती म्हणाली आणि मुलींच्या घोळक्यात गेली.

दुपारी घरी आल्याबरोबर खणातून पाकीट काढलं. माझं इंग्रजी बरं आहे. शेवटच्या पानावर आभार होते. २००३ सालचं बी धनजचे राजू पुंजाजी यांनी गोळा केलं, सोळा वर्षं जपलं आणि आम्हाला दिलं. शंभर दाण्यांतले अकरा उगवले. हा अभ्यास त्या अकरा रोपांवर उभा आहे.

मी ते तीन वेळा वाचलं. मग बाहेर आलो. आई ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होती.

"आई, माही बाटली कोणं उघडली?"

"मीनं."

"कधी?"

"त्याच दिवाळीत. ओळी पाहून आलो, मंग तीन महिने वाट पाह्यली तुयी. तू काई देत नव्हता. मंग काढलं, पदरात बांधलं, अन् सैफुद्दीनभाऊच्या दुकानात नेऊन देल्लं. इफ्राले सांगजा म्हटलं, राजूनं धाडलं."

"अन् बाटलीत काय होतं?"

"धुऱ्यावरचं भरलं. राख टाकली, मेण लावलं. रिकामी दिसली असती त तू घर डोक्यावर घेतलं असतं."

मी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र आहे. सहा वर्षं ती बाटली खिडकीशी धरून पाहत होतो. जुनं बी टपोरं असतं, धुऱ्यावरचं बारीक आणि काळपट. नववीतल्या पोरालाही दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं तर कळेल. मी बाटली पाहत होतो, बी एकदाही पाहिलं नव्हतं. मी इफ्राशी जे केलं तेच आईने माझ्याशी केलं होतं. इफ्राशी मी केलेली लबाडी आईने दोन ओळी चालून पकडली, आणि माझ्याशी झालेली मला सहा वर्षं कळली नव्हती.

"इफ्राले समजलं असन ना, की मी देल्लं नाई म्हणून?"

"तिले काय समजत नाई?" आई म्हणाली. "मीनं सांगतलं ते तिनं लिवलं."

मला एकदम राग आला. स्टेजवरचा मी, उंच धरलेली बाटली, फोटो, सगळं डोळ्यांपुढे आलं. दोघींना ठाऊक होतं. दोघी बघत होत्या.

"मंग आज मले थांबवलं काहून नाई? तीनशे पोराइसमोर मी ते घेऊन उभा होतो."

आईने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"कायले थांबवू, बापा? पह्यल्यांदाच तिले काई देऊन राह्यला होता तू."